सोयाबीनची बॅग, कच्ची चिठ्ठी आणि टॉनिकची बाटली (घरच्या ग्रुपवरून)

गणेश: काका, औशात सोयाबीनचं बियाणं घ्यायला आलोय. दुकानदार कच्च्या चिठ्ठीवर बॅग देतोय. वर पिकाच्या टॉनिकची बाटली घेतली तरच बॅग, असं म्हणतोय. घेऊ का?

सुरेश काका: चिठ्ठीवर अजिबात घेऊ नको. बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ प्रमाणे विक्रेत्याला बिल द्यावंच लागतं. साठा नि भावाचा फलकही दुकानात लावावा लागतो. बिलावर पीक, वाण, कंपनी, लॉट नंबर (बियाण्याच्या त्या खेपेचा क्रमांक), वजन, दर, तुझं नाव आणि दुकानदाराची सही बघ. लॉट नंबर बॅगेच्या टॅगशी अक्षर न अक्षर जुळव. नुसतं "सोयाबीन १ बॅग" लिहिलेलं बिल पुढं टिकत नाही. कंपनी पहिलं हेच विचारते, ही बॅग आमची कशावरून?

अनिता ताई: एक माल हवा तर दुसरा घ्याच, ही सक्ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ला चालत नाही. बिल न देणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. छापील एमआरपीच्या वर एक रुपयाही द्यायचा नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच, पण पेरणीच्या तोंडावर कृषी अधिकाऱ्याला केलेला फोन लवकर लागू पडतो. दुकानाचा परवाना त्यांच्या खात्याच्या हातात असतो.

गणेश: त्याच्या बिलबुकावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलंय की.

अनिता ताई: माल सदोष असेल तर त्या ओळीला अर्थ नाही. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत परत घ्यावाच लागतो. आपलं मन बदललं म्हणून बॅग परत, असं मात्र होत नाही.

विशाल: आणि पेरलं, पण उगवलंच नाही तर?

सुरेश काका: सोयाबीनची किमान उगवण ७० टक्के पाहिजे. म्हणून पेरायच्या आधीच ओल्या गोणपाटावर १०० दाणे ठेवून बघा. पेरल्यावर फसलं तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे त्याच आठवड्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. समिती रानात येऊन पंचनामा करते. तोपर्यंत दुबार पेरणीसाठी रान मोडू नका, मोडलं की पुरावा गेला. कंपनीची उत्तरं ठरलेली असतात: ओल नव्हती, खोल पडलं. त्यामुळं ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, दाणा ५ सेंमीच्या खाली जाऊ देऊ नका, आणि पंचनाम्यात पेरणीची तारीख, खोली, आपल्या महसूल मंडळातला पाऊस लिहूनच घ्या. हे रकाने कोरे राहिले की प्रकरण तिथंच ढिलं पडतं. पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

विशाल: सगळं बियाणं पेरून टाकलं तर तपासायला काय देणार?

अनिता ताई: यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल आहे, राष्ट्रीय बियाणे महामंडळाविरुद्धचा. शेतकरी ग्राहकच आहे, आणि त्यानं तपासणीसाठी बियाणं राखून ठेवावं अशी अपेक्षा धरता येत नाही. तरी मूठभर ठेवलेलं बरं. आधी दुकानदार आणि कंपनी दोघांना लेखी नोटीस पाठवा, मग दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करून जिल्हा ग्राहक आयोगात जा. बियाण्यासाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत २ वर्षं, वकील सक्तीचा नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते. कंपनी हैदराबादची असो, लातूरलाच दाखल करायची. मागणीत बियाण्याची किंमत, पेरणीचा खर्च आणि बुडालेलं उत्पन्न वेगवेगळं लिहा.

गणेश: फलकाचं विचारलं तसं पक्कं बिल निघालं. लॉट नंबर जुळतोय. बाटली घेतली नाही.

सुरेश काका: बिलाचा नि टॅगच्या दोन्ही बाजूंचा फोटो इथं टाक, बिलाची शाई पुढं उडू शकते. बॅग खालच्या बाजूनं फोड, म्हणजे वरची शिवण आणि टॅग शाबूत राहतो.