आठ महिन्यांच्या मुलीचा ताप मोजायला कोणता थर्मामीटर घ्यावा? (बजेट ५००)

कासारवडवली_आई: परवा रात्री मुलीचं अंग तापलं होतं. शेजारच्या ताईंची कपाळावर धरायची गन आणली, तिनं ९८.२ दाखवलं. घरच्या डिजिटलनं काखेत १००.६. सासूबाई पाठीला हात लावून म्हणाल्या, ताप आहेच. बीप होईपर्यंत मुलगी हात धरूच देत नाही. पाचशेच्या आत भरवशाचं काही आहे का? आणि डॉक्टरांना कोणता आकडा सांगायचा?

खारघरकर: गनच घ्या, पण चांगली. आमची अडीच हजारांची आहे, कोविडच्या वेळी घेतलेली, अजून ठणठणीत. झोपलेल्या मुलाला हातही लावावा लागत नाही. पाचशेत काही मिळणार नाही.

नौपाडा_आजोबा: पाऱ्याच्या थर्मामीटरला तोड नाही. झटकून ९५ च्या खाली आणायचा, काखेत पाच मिनिटं धरायचा. आमच्या दोन्ही मुलांचे ताप त्यानंच मोजले. बॅटरीची कटकट नाही.

ऐरोली_मम्मी: काका, रांगत्या मुलाच्या घरात पारा नको हो. माझ्या जावेकडे फुटला. खिडक्या उघडून, जाड कागदानं एकेक गोळी उचलून बरणीत बंद केली. त्यावर झाडू किंवा व्हॅक्युम फिरवायचा नसतो, बारीक कण पसरतात आणि वाफ नाकात जाते. पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारात हे थर्मामीटर बंद करायला २०२० ची मुदत घातली होती, ती उगाच नाही.

नौपाडा_आजोबा: वस्तू जपून वापरली की फुटत नाही.

ठाणे_पूर्व: गन घ्या. आम्ही पण गनच वापरतो.

वाशी_नर्स: मुलांच्या वॉर्डात काम करते म्हणून सांगते, नवीन काही घेऊ नका, घरचा डिजिटल पुरे. कपाळावर घाम असेल, पंखा किंवा एसीचा झोत असेल, तर गनचा आकडा खाली येतो. उन्हातून आल्यावर वर जातो. काही गनना वस्तूंचं तापमान मोजायचाही मोड असतो, चुकून तो लागला तर माप चुकतंच.
काख आधी कोरडी पुसा. टोक थेट त्वचेला लागायला हवं, मध्ये झबलं नको. मांडीवर आडवी घेऊन अंगावर पाजताना मोजा, हात आपोआप दाबला जातो. आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं थांबा. गुदद्वारात १००.४ किंवा जास्त म्हणजे ताप. काखेतलं माप त्यापेक्षा कमी येतं, ९९ च्या वर गेलं की लक्ष ठेवायचं. तुमचं १००.६ म्हणजे ताप होताच. आणि हे वाचणाऱ्या कुणाचं बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, तर १००.४ ला घरी थांबू नका, रात्र असली तरी दवाखान्यात न्या.

खारघरकर: काखेतल्या आकड्यात एक मिळवायचा असतो ना?

वाशी_नर्स: नका मिळवू. फरक दर वेळी सारखा नसतो, आणि तुम्ही मिळवलाय की नाही हे फोनवरच्या डॉक्टरांना कळत नाही. आकडा आहे तसा सांगा, कुठे मोजला आणि किती वाजता तेही सांगा. पॅरासिटामॉल दिलं असेल तर त्याची वेळसुद्धा.

कोपरखैरणे_बाबा: काहीही घ्या, कानाचा घेऊ नका. आमच्या मुलाच्या दोन कानांत दोन आकडे. ऑनलाइन घेतला, परत घेईनात. पैसे पाण्यात.

पनवेलकर: आकड्यांपेक्षा मूल दूध पितंय का, लघवी होतेय का, डोळ्यांत तरतरी आहे का ते बघा. आमच्याकडे गार पाण्याच्या पट्ट्यांनी अर्ध्या तासात उतरतो.

ऐरोली_मम्मी: गार पाणी नको! पोर कुडकुडतं आणि ताप आणखी चढतो. कोमटच घ्या.

खारघरकर: मग काय ठरलं? गनच ना?

कासारवडवली_आई: सगळ्यांचे आभार. कानाचा घेतला, बजेटच्या चौपट गेला. पाजताना मोजून पाहिलं, पण ती टोकच ओढते आणि दिवसा मी ऑफिसात असते, सासूबाईंना एकट्यानं हात धरणं जमत नाही. आमच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला कानाचा चालेल म्हटलं. कान सरळ मागे ओढून टोक नीट बसवायचं, एवढं त्यांनी सासूबाईंना करून दाखवलं. आता ताप नाही, तोवर कान आणि काख दोन्हींची मापं वहीत लिहून ठेवतेय. शंका आली की काखेतलंच खरं धरणार, नर्सताई.

कोपरखैरणे_बाबा: एवढं सांगून कानाचाच! बिल आणि खोका तरी जपून ठेवा.