फोटो असताना चित्र कशाला?

कुणीतरी विचारलंय की मोबाईलनं फोटो निघतोय तर फुलांची चित्रं काढून अभ्यासात काय भर पडणार, तर माझा अनुभव सांगतो. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या बागेत कंदीलपुष्पं, म्हणजे कंदिलाच्या आकाराची रानफुलं, जपलीत, त्यातल्या एकाचं चित्र काढायला बसलो. फोटोत नुसता छान कंदील दिसतो ओ, पण आतली नळी उभी कापल्यासारखी काढायची म्हटल्यावर कळलं की आतले केस खाली वळलेले असतात, बारकी माशी आत जाते पण बाहेर येता येत नाही, मग केस कोमेजले की परागाच्या पुड्या घेऊन ती सुटते आणि दुसऱ्या फुलाकडं जाते. हे कॅमेऱ्याला बाहेरनं कसं दिसणार? पेन्सिल घेऊन तासभर बसलं की प्रश्न आपोआप पडतात, केस असेच का, वास कुणासाठी. पावसाळ्यात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर वही घेऊन जावाच, फक्त फूल तोडू नका.