शब्दचर्चा : 'फ्रायइन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

आनेट फॉन ड्रोस्टे-ह्युल्सहोफ (१७९७–१८४८) या जर्मन कवयित्रीवर लेख लिहिते आहे. तिच्या नावात 'फ्रायइन' ही पदवी येते. 'सरदारीण' लिहिलं तर चालेल का? 'ड्रोस्टे' म्हणजे कारभारी असं वाचलं, मग त्याचंही भाषांतर करू का?

प्रतिसाद

ताई, 'सरदारीण' नको. पाटलीण, इनामदारीण, सरदारीण म्हटलं की आपल्या मनात त्या माणसाची बायको येते. जर्मनमध्ये हे शब्द वेगवेगळे आहेत. फ्रायहेर हा उमराव, फ्रायफ्राउ त्याची बायको आणि फ्रायइन त्याची लग्न न झालेली लेक. आनेटने लग्न केलं नाही, त्यामुळे एक्कावन्नाव्या वर्षी गेली तेव्हाही ती फ्रायइनच होती.

'ड्रोस्टे'ला मात्र हात लावू नका. ते पदावरून पडलेलं आडनाव आहे, आपल्या फडणीस-चिटणिसांसारखं. चिटणीस आडनावाच्या बाईंबद्दल लिहिताना आपण 'पत्रव्यवहार पाहणाऱ्या बाई' लिहीत नाही. 'ह्युल्सहोफ' हे म्युन्स्टरजवळचं त्यांचं ठिकाण, म्हणजे आपल्याकडच्या '-कर'सारखंच. तिथल्या वाड्याला 'किल्ला' म्हणण्यापेक्षा 'गढी' म्हणा. भोवती पाण्याचा खंदक असलेलं ते उमरावाचं राहतं घर आहे.

दुसरा प्रतिसाद

'माहेरवाशीण' कसा वाटतो? ती जन्मभर माहेरीच राहिली ना?

प्रतिसाद

शब्द गोड आहे, पण इथे बसत नाही. माहेरवाशीण व्हायला आधी सासर लागतं. चार दिवस येऊन परत जाणं त्या शब्दातच आहे. आनेटला परत जायला दुसरं घर नव्हतं. १८२६ साली वडील गेले, गढी भावाकडे आली, आणि आई, बहीण व ती अशा तिघी जवळच्याच ऱ्युशहाउस या साध्या घरात राहायला गेल्या.

मला या शब्दाच्या पोटातला 'फ्राय' फार लागतो. फ्राय म्हणजे मोकळा, स्वतंत्र. १८३८ साली पहिला कवितासंग्रह आला तेव्हा तिने स्वतःची नावं, आनेट एलिझाबेट, पूर्ण छापू दिली, पण आडनावाची नुसती आद्याक्षरं आणि पुढे टिंबं. ज्या आडनावाचा आपण एवढा कीस पाडतोय, ते तिला मुखपृष्ठावर झाकावं लागलं! पुढे मेअर्सबुर्गच्या गढीत, बहिणीच्या सासरी, लिहिलेल्या 'मनोऱ्यावर' या कवितेत एक बाई उंच सज्जात उभी आहे. शिकारी व्हावं, सैनिक व्हावं असं तिच्या मनात येतं. शेवटी तिच्या वाट्याला एवढंच उरतं : शहाण्या मुलीसारखं बसायचं आणि कुणी पाहत नसताना केस सोडून वाऱ्यावर उडू द्यायचे.

१८४४ च्या संग्रहावर मात्र पूर्ण नाव आहे, आणि त्यात 'फ्रायइन'ही आहे. म्हणून माझं मत असं की मूळ शब्द तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'उमरावाची अविवाहित लेक' एवढा खुलासा करा. 'कुमारी' लिहू नका, शाळेच्या हजेरीपटासारखं वाटतं.

प्रश्नकर्ती

पटलं. अजून एक. ती दिवस भरायच्या आत जन्मली, आणि एका विणकराच्या बायकोने अंगावर पाजून तिला जगवलं. या बाईला मी 'दाई' लिहिलंय.

प्रतिसाद

'दूधआई' लिहा ना! दाई म्हटलं की वाचकाला आधी बाळंतपण करणारी आठवते. इथे नातं दुधाचं आहे, आणि ते तिने निभावलं. ती बाई म्हातारी झाल्यावर आनेटने तिला ऱ्युशहाउसला आणून ठेवलं आणि १८४५ साली ती जाईपर्यंत सांभाळलं. 'दूधआई' लिहिलंत की हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

प्रश्नकर्ती

बदललं. सुरुवात आता अशी केली आहे : 'जर्मनीच्या जुन्या वीस मार्कांच्या नोटेवर एका बाईचं चित्र होतं आणि मागच्या बाजूला पिसाची लेखणी व बीचचं झाड. ही आनेट, ह्युल्सहोफच्या गढीवरची फ्रायइन, म्हणजे उमरावाची अविवाहित लेक. तिला तिच्या दूधआईने जगवलं.'