मदत हवी आहे: १०×५० की १५×७०?

आकाशदर्शनासाठी बायनॉक्युलर घ्यायचा आहे. १०×५० मधून (१० पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ५० मिमी व्यासाचं) डोळ्यात येणारा प्रकाशझोत ५ मिमी रुंद (५० भागिले १०), १५×७० मधून ४.७, म्हणजे आकाशाच्या उजळपणात फारसा फरक नाही. १५×७० मध्ये देवयानी दीर्घिका मोठी दिसेल, पण वजन दीड किलोच्या आसपास, हात थरथरला की तारे नाचणार, त्यामुळे तिवई अटळ. आणि तिवईवरून डोक्यावरचं आकाश बघताना मान अवघडते ती वेगळीच!

चष्म्याला सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा) नंबर आहे, त्यामुळे चष्मा काढून चालत नाही. डोळ्याकडचे रबरी कप दुमडल्यावर १६ मिमी आय रिलीफ (भिंगापासून डोळा जितका दूर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर) पुरेल का, की दृश्याच्या कडा कापल्या जातील? शिवाय दोन्ही नळ्यांचे अक्ष जुळलेत का, हे दिवसाउजेडी कसं तपासायचं? आतल्या प्रिझमच्या दर्जाची परीक्षा ठाऊक आहे: बायनॉक्युलर हातभर लांब धरल्यावर डोळ्याकडच्या भिंगातलं प्रकाशवर्तुळ पूर्ण गोल दिसायला हवं, कडांनी कापलेलं नको.