बाळ येण्याआधी जुन्या घराची डागडुजी : मदत हवी आहे

नमस्कार. चिपळूणजवळच्या आमच्या कौलारू घरात येत्या माघात पहिले बाळ येणार असून, डोहाळजेवण आटोपून मी माहेरी गेले की घराची आणि परसातली रखडलेली कामे उरकून घ्यावीत, असे आम्ही ठरवले आहे. (गरोदर बाई घरात असताना तोडफोड करू नये, असे सासूबाईंचे म्हणणे, धुळीपुरते तरी मला ते पटते.)

खरी अडचण खिडक्यांची आहे. सागवानी चौकटींवर वर्षानुवर्षे चढवलेल्या हिरव्या ऑइलपेंटचे पापुद्रे आता सुटून खाली पडू लागले आहेत. घरगुती रंगातील विषारी शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भागांची) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली आणि हे थर त्याच्या कितीतरी आधीचे असल्यामुळे त्यांत शिसे असण्याची शक्यता बरीच आहे. रंगारी मात्र कोरड्या पॉलिशपेपरने घासून काढतो म्हणतो. ती धूळ वाशांवर आणि फटींत बसून पुढे रांगत्या बाळाच्या हाताला लागेल, अशी मला धास्ती वाटते. ओल्या पॉलिशपेपरने काम होते का, की चौकटी काढून बाहेर नेणेच बरे?

परसातली पिवळी कण्हेर तिच्या विषारी बियांमुळे काढणारच आहोत. विहिरीचा कठडा मात्र जेमतेम गुडघाभर आहे. रहाट चालू ठेवून तिच्यावर कुलूप लावता येईल अशी जाळी कोणी बसवली असल्यास, कोकणच्या दमट हवेत कोणते लोखंड टिकले आणि साधारण खर्च किती आला, हे कृपया कळवावे.