मदत हवी: कारच्या टेस्टचा स्लॉटच मिळेना, एलएल (लर्निंग लायसन्स) संपायला १९ दिवस

टिळकवाडीची_रश्शी
नमस्कार मंडळी, डोकं उठलंय म्हणून लिहायलेय. आठ दिवस झाले सारथीवर (लायसन्सची सरकारी वेबसाईट) डीएल म्हणजे पक्क्या लायसन्सच्या टेस्टचा स्लॉट घ्यायला बघायलेय. कर्नाटक निवडलं, बेळगाव निवडलं, एलएल नंबर टाकला की असा नंबरच नाही म्हणतंय. जन्मतारीख दहादा तपासली, मोबाईलवरनं केलं, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरनं केलं, तेच. एका एजंटला विचारलं तर म्हणाला सहा हजार द्या मी बघतो, कसं बघणार ते काय सांगेना. आणि दुसरं म्हणजे एच, टेस्टला दांड्यांमधनं एच अक्षरासारखी गाडी पुढं-मागं घ्यायची असते ते. पुढं जाताना काही नाही, रिव्हर्स घेताना डावीकडचा दांडा रोज पाडते. स्कूलच्या गाडीत एकदापण पडला नव्हता. नुकतीच कुणी टेस्ट दिली असेल तर पटापट सांगा. "जाऊन चौकशी करा" हे कृपा करून कुणी सांगू नका, मार्च एंडपासून रजाच नाही.

हाफक्लच
एलएल कधी काढलं? ३० दिवस झालेत का? त्याआधी टेस्ट देता येत नाही. आणि गाडी कुठली?

टिळकवाडीची_रश्शी
दादा, एलएल सहा महिन्यांचं असतंय आणि १९ दिवस उरलेत म्हटल्यावर ३० झालेच असणार की. दिवाळीत काढलंय. गाडी बाबांची, जुनी वॅगनार.

निपाणीकर_काका
मी १९८६ साली लायसन्स काढलं. तेव्हा हे स्लॉट, ओटीपी काही नव्हतं. साहेब जीपमध्ये शेजारी बसले, म्हणाले पुढच्या चौकातनं वळवून आण, आणलं, झालं. पुस्तकासारखं लायसन्स मिळायचं, फोटो चिकटवलेलं, अजून कपाटात आहे. माझं ऐक, एजंटला पैसे देऊन मोकळी हो, तुझ्या रजेचे पैसे जास्त जातील.

खानापूरकर_७
काका, उगी काय पण सांगू नका. ताई, फी बघून घ्या. एलएलचे १५० आणि त्याच्या परीक्षेचे ५०, डीएलच्या टेस्टचे ३०० आणि कार्डाचे २००, हे केंद्राचे दर. राज्याचं वर थोडंफार लागत असेल, पण सहा हजार कुठल्या हिशोबात बसत नाहीत. बरं, एलएल कुठल्या कुठल्या वर्गाचं आहे? नुसती कार की टू व्हीलरपण? टेस्टची फी वर्गागणिक वेगळी पडते.

अनगोळचा_पोरगा
अरे आता आरटीओत टेस्ट द्यावीच लागत नाही, रूल बदललाय, ड्रायव्हिंग स्कूलवालेच सर्टिफिकेट देतात. माझ्या मित्रानं व्हॉट्सॲपवर पाठवलेलं, शोधून टाकतो.

हाफक्लच
टाकू नकोस. २०२४ च्या जूनपासनं तो मेसेज फिरतोय. रूल आहे, पण तो मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरपुरता, आणि तो २०२१ च्या जुलैपासनंच आहे. त्यांना मोठी जागा, सिम्युलेटर, स्वतःचा ट्रॅक लागतो आणि कारचा कोर्स २९ तासांचा, त्यातले २१ गाडीवर आणि ८ वर्गात. आपल्याकडं पंधरा दिवस सकाळी अर्धा तास फिरवतात ती स्कूलं वेगळी. त्यांचं सर्टिफिकेट घेतलं तरी टेस्ट द्यावीच लागते.

अनगोळचा_पोरगा
बरं. मी आपला मदत करायलो होतो.

शिनोळी_नाका
सगळं नंतर बघूया. ताई, एलएल नंबरची पहिली दोन अक्षरं काय आहेत ते आधी सांगा.

टिळकवाडीची_रश्शी
एमएच, पुढं ०९. का? माहेर चंदगड तालुक्यातलं, दिवाळीला गेले होते तेव्हा भावानं लॅपटॉपवर काढून दिलं, मी नुसती प्रश्नांची उत्तरं दिली. आधार अजून तिकडचंच आहे पण लग्न होऊन तीन वर्षं बेळगावातच राहतेय, त्याचा काय संबंध?

शिनोळी_नाका
तोच तर संबंध आहे. एलएल महाराष्ट्राचं आणि तुम्ही शोधताय कर्नाटकात. आधार ओटीपीवर काढलं की आधारवरचा पत्ता येतो, चंदगड म्हणजे कोल्हापूर आरटीओ, एमएच ०९. आपली केए २२. सारथीवर पहिल्याच पानावर राज्य विचारतंय बघा, तिथं महाराष्ट्र करा आणि तोच नंबर टाका.

टिळकवाडीची_रश्शी
🤦‍♀️ अर्ज सापडला. आठ दिवस. एजंटला मी नंबर दाखवला होता, तोपण काय बोलला नाही.

खानापूरकर_७
बोलला असता तर सहा हजार कसे मागितले असते.

मांडे_आणि_तूप
म्हणजे इतके महिने महाराष्ट्राच्या एलएलवर बेळगावात गाडी चालवली? पोलिसांनी धरलं असतं तर?

हाफक्लच
काही झालं नसतं. एलएल असो की पक्कं लायसन्स, भारतभर चालतंय, कायद्यातच आहे. फक्त शेजारी लायसन्सवाला बसलेला पाहिजे आणि पुढं-मागं एल लावलेला पाहिजे, पांढऱ्यावर लाल. ताई, शेजारी कोण बसतंय?

टिळकवाडीची_रश्शी
आमचे हे. आणि ते शेजारी बसले की मी जास्त चुकते, ते वेगळं.

आता मग काय करू? कोल्हापूरला जाऊन टेस्ट देणं मला जमणार नाही, सांगितलं ना रजा नाही. बेळगावात वर्ग करून घेता येतंय का?

शिनोळी_नाका
माझ्या बायकोचं डिट्टो हेच झालेलं. आम्ही सरळ आधारवरचा पत्ता बदलला आणि कर्नाटकात नवीन एलएल काढलं. आधारवर कुटुंबप्रमुखाच्या संमतीनं ऑनलाईन पत्ता बदलता येतो, २०२३ पासनं आहे ते, लग्नाचं सर्टिफिकेट जोडायचं, नवऱ्यानं स्वतःच्या लॉगिनमधनं ३० दिवसांच्या आत हो म्हणायचं. तुम्हीपण हेच करा, एकदाचं सगळं इकडचं होऊन जातंय.

खानापूरकर_७
आणि परत ३० दिवस थांबायचं? ताई, तुमचं वोटर कार्ड बेळगावचं झालंय का? झालं असेल तर आधार बाजूला ठेवून वोटर कार्डावर एलएल काढा. परीक्षेला मात्र आरटीओत जावं लागेल, घरबसल्या नाही.

हाफक्लच
तुम्ही दोघं मिळून तिला दीड-दोन महिने मागं न्यायला लागलाय. हातात एलएल आहे, १९ दिवस आहेत, कोल्हापूर शंभर-एकशेदहा किलोमीटर. एक रजा टाक आणि देऊन ये. डीएल भारतभर चालतंय, पत्ता नंतर बदलता येतो. आणि पहिल्यांदा नापास झालीस तर सात दिवसांनी परत देता येते, म्हणजे १९ दिवसांत दोन चान्स बसतात. आज स्लॉट घेतलास तर.

शिनोळी_नाका
दोन चान्स म्हणजे दोन रजा. तिला एक मिळेना.

हाफक्लच
मग पहिल्यात पास व्हायचं.

निपाणीकर_काका
गाडी एमएच ०९ आहे का? वॅगनार?

टिळकवाडीची_रश्शी
हो काका, बाबांच्या नावावर आहे. का?

निपाणीकर_काका
किती दिवस झाले बेळगावात आणून? बाहेरच्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर इकडचा नंबर घ्यावा लागतो. तिकडनं एनओसी आणायची, इकडं आयुष्यभराचा टॅक्स भरायचा, तिकडच्या टॅक्सचा परतावा मागायचा. आमच्या निपाणीत अर्ध्या गाड्या एमएच ०९ च्या, घर इकडं आणि कारखाना कागलला, कुणाकुणाला धरणार. पण तू बदलून घे. मी माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं केलं तेव्हा काय काय झालं ते सविस्तर लिहितो, सवड झाली की.

मांडे_आणि_तूप
काका, तिनं हे विचारलंच नाही 😄

निपाणीकर_काका
विचारलं नाही म्हणून सांगू नये की काय?

खानापूरकर_७
टेस्टला कुठल्या पण नंबरची गाडी चालते. आरसी (गाडीचं रजिस्ट्रेशन), इन्शुरन्स, पीयूसी (धुराचं सर्टिफिकेट) चालू पाहिजे. जुनी गाडी आहे म्हणताय, पीयूसी बघितलंय का कधी?

टिळकवाडीची_रश्शी
... बघते.

पण एचचं कुणी बोलेना. दांडा पडतोय त्याचं सांगा की.

अनगोळचा_पोरगा
ऑटोमॅटिक गाडी घेऊन जा. क्लचच नाही, एच लोण्यासारखा. लायसन्स तेच मिळतंय.

हाफक्लच
आणि नंतर बाबांच्या वॅगनारमध्ये बसून काय करायचं? कपिलेश्वर ब्रिजच्या चढावर मागं सरकत बसायचं?

अनगोळचा_पोरगा
लायसन्स मिळाल्यावर शिकेल की निवांत. प्रत्येकानं हाफक्लचच करायचं असं कुठं लिहिलंय, तुमचं नावच हाफक्लच म्हणून.

सुळग्याची_मावशी
अगं, तुझा दांडा का पडतोय ते मला कळलं. स्कूलच्या गाडीत मागच्या काचेवर डाव्या कोपऱ्यात लाल टिकलीएवढा स्टिकर होता का? "दांडा स्टिकरला लागला की स्टेअरिंग पूर्ण मार" असं शिकवलं असेल.

टिळकवाडीची_रश्शी
मावशी!! हो. लाल नाही, हिरवा होता. आणि सर म्हणायचे दुसरं काय बघू नको, तेवढंच बघ.

सुळग्याची_मावशी
तेच. मी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी शिकले, मलापण असंच शिकवलेलं. दुसरं म्हणजे त्यांच्या पायाखाली त्यांचा वेगळा ब्रेक आणि क्लच असतोय. आपल्याला वाटतंय आपण गाडी हळू सोडली, सोडलेली असते त्यांनी. पंधरा दिवस तेच गाडी चालवतात आणि आपण स्टेअरिंग धरतो. घरच्या गाडीत स्टिकर नाही, सरांचा पायपण नाही, मग दांडा पडणारच.

आता असं कर. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात सकाळी सहाला जा, नंतर क्रिकेटवाली पोरं येतात. रंगाचे रिकामे डबे ने आणि प्रत्येकात एकेक ऊस उभा कर, ऊस पडला तर गाडीला ओरखडा येत नाही. आधी स्टेअरिंगला हातच लावू नको. नुसती रिव्हर्स टाक, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून खाली ठेव आणि क्लच इतका हळू सोड की गाडी मुंगीसारखी सरकली पाहिजे. वीसदा फक्त हेच. ते जमलं की मग वळण. डाव्या आरशात मागचं चाक आणि ऊस दोन्ही दिसतील असा आरसा थोडा खाली कर. मागचं चाक ऊस ओलांडून गेल्याशिवाय वळवायचं नाही. तू लवकर वळवतेस, म्हणून डावीकडचाच पडतोय. चुकतंय वाटलं तर थांब. ब्रेक मारून थांबायला आपल्याला वाटती तेवढी लाज नसते.

आणि टेस्टला बसल्या बसल्या आरसे जुळव आणि बेल्ट लाव, साहेबांनी सांगायच्या आधी. मला चाळिशीच्या वरची म्हणून डॉक्टरचं सर्टिफिकेटपण लागलेलं, तुला नाही लागायचं.

मांडे_आणि_तूप
मावशी, तुम्ही क्लास काढा, मी पहिली ॲडमिशन.

खानापूरकर_७
बाकी इकडं देण्यापेक्षा कोल्हापूर बरंच. मराठीत तरी बोलतील. इकडचे साहेब कन्नडमध्ये "हिंदे होगी" म्हणाले, मी पुढं गेलो.

शिनोळी_नाका
हिंदे म्हणजे मागं हे बेळगावात राहून कळत नाही? माझ्या टेस्टला साहेब मराठीतच बोलले. उगी भाषेचं काढू नको.

खानापूरकर_७
भाषेचं कोण काढायलंय, मी नापास झालो त्याचं सांगायलोय.

*(इथून पुढची भाषेवरची ११ उत्तरं वेगळ्या धाग्यात हलवली आहेत. – व्यवस्थापक)*

टिळकवाडीची_रश्शी
अपडेट. पुढच्या मंगळवारचा कोल्हापूरचा स्लॉट मिळाला, सकाळचा. ऑफिसातल्या साहेबांना सांगितलं आजोबा सिरीयस आहेत, आजोबा २०११ सालीच गेलेत, देव माफ करो. पीयूसी खरंच संपलेलं, काढून घेतलं. दोन दिवस व्हॅक्सिन डेपोत गेले. ऊस मिळाला नाही म्हणून शेवग्याच्या शेंगा लावल्या, त्या उभ्याच राहिनात, मग झाडूच्या काठ्या लावल्या. काल सात वेळा रिव्हर्स केलं, दोनदा पाडला. आज एकदा. आणि आज हे खाली उतरून लांब उभे होते, तेव्हा एकदापण नाही.

सुळग्याची_मावशी
मग टेस्टला त्यांना लांबच उभं कर.

हाफक्लच
तिथंपर्यंत गाडी कोण चालवणार? हायवेला तू नको, तवंदी घाटात ट्रक असतात.

टिळकवाडीची_रश्शी
हेच चालवणार. टोलचे पैसेपण त्यांचेच.

निपाणीकर_काका
जाताना निपाणीत थांबा, चहा घेऊन जा. मेव्हण्याच्या गाडीच्या एनओसीचं समक्षच सांगतो.