अभिलेखागाराचं काम रीतसर शिकायचं आहे, दिल्लीचा डिप्लोमा करावा का?

नमस्कार मंडळी,

माझं इतिहासात एम.ए. झालंय. २०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा एका तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये कंत्राटी स्कॅनिंगला लागले, ती अजून तिथेच आहे. मोडी वर्गात शिकले, पण नजर बसली ती रोज कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, वाचून. आता पानावरचं अक्षर बघून लिहिणारा बदलला की कळतं.

मागच्या पावसाळ्याआधी जे झालं ते मनातून जात नाही. शिवलेली जन्म-मृत्यूची बाडं मशीनमधून पटापट जावीत म्हणून त्यांची शिवण कटरने कापली. त्याबरोबर बोटभर समासही गेला, आणि नंतरचे दुरुस्तीचे शेरे नेमके त्याच समासात होते. पानं सुटी झाली, पंख्याखाली क्रम मोडला. खाली पडलेल्या पट्ट्या मी गोळा केल्या. एकीवर नुसतं 'सदरहू' एवढंच उरलंय. वरिष्ठांना सांगितलं, तर म्हणाले, "स्कॅन झालं ना, मग?" मला काय चुकलं ते दिसत होतं, पण बरोबर कसं करायचं हे सांगता येईना.

म्हणून हे काम मुळापासून शिकायचं आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा एक वर्षाचा डिप्लोमा कुणी केला आहे का? नोकरी सोडून वर्षभर जायचं म्हणजे घरी आई एकटी राहणार. पुढे काम मिळतं का? की आधी छोटा कोर्स करावा? कृपया अनुभवाचं सांगा.

प्रतिसाद

ताई, मी तो डिप्लोमा केला आहे. जनपथवर अभिलेखागाराच्या आवारातच वर्ग भरायचे. तिथे पहिली गोष्ट मनावर ठसते ती हीच, की कागद ज्या कचेरीत, ज्या क्रमाने तयार झाले तो क्रम मोडायचा नाही. अमुक शेरा कुठल्या अर्जावर पडला हे शेजारचा कागद सांगतो. तुमच्याकडे पंख्याने नेलं ते हेच.

अर्धं शिक्षण हाताचं आहे. फाटक्या पानाला पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाची खळ लावून दुरुस्ती करायची. खळ किती पातळ हवी हे बोटाला कळेपर्यंत माझे कितीतरी रद्दी कागद गेले. उरलेलं अर्धं म्हणजे कुठली फाइल किती वर्षं ठेवायची, कुठली कायमची आणि कुठली नष्ट करायची. कचेरीतले कागद सहा गठ्ठ्यांत लावायची सहा गठ्ठे पद्धत आणि किती काळ ठेवायचे त्यानुसार केलेले अ, ब, क, ड वर्ग तुम्ही रोज हाताळता, त्यामुळे हा भाग तुम्हाला सोपा जाईल.

नोकरीचं खरं सांगतो. १९९३च्या केंद्राच्या कायद्याप्रमाणे कार्यालयांना अभिलेख अधिकारी नेमावा लागतो, पण तो आहे त्याच अधिकाऱ्यांतून. त्यामुळे वेगळ्या जागा थोड्याच निघतात. सरकारी जाहिरातीवर नजर ठेवाच, पण खाजगी आणि संशोधन संस्थांचे संग्रहही बघा: पुण्यात टाटा सेंट्रल अर्काइव्ह्ज, विक्रोळीला गोदरेज, कुलाब्याला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था). मोडी वाचणारा आणि कागद सांभाळायला शिकलेला माणूस एकच असणं दुर्मीळ आहे, हे विसरू नका.

आईंचा प्रश्न असेल तर तिथलेच काही आठवड्यांचे कोर्स आहेत. जतनाचा आधी करा. काम हाताला रुचतंय का ते कळेल, मग वर्षाचं ठरवा. डिप्लोमाच्या प्रवेशासाठी एम.ए.ला आधुनिक भारताचा पेपर होता का, हे गुणपत्रिकेत पाहून ठेवा.

पट्ट्या उचलल्यात हे फार चांगलं केलंत. साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा, वर पेन्सिलने बाडाचा क्रमांक लिहा. सेलोटेप अजिबात नको.

धागाकर्ती

मनापासून आभार, दादा. आधुनिक भारताचा पेपर होता. जतनाच्या कोर्सला अर्ज करते, आईशीही काल बोलले.

एक विचारायचं राहिलं. तीन पट्ट्या मी तेव्हाच डिंकाने पानांना जोडल्या होत्या. त्या पाण्याने सोडवू का? शाई काळी आहे, बोरूची.

प्रतिसाद

नका सोडवू. काजळीची शाई असली तर पाण्याबरोबर अक्षरही निघून येईल. आहे तसं राहू द्या. कुठली पट्टी, कुठलं पान, कधी चिकटवली, तेवढं पेन्सिलने लिहून पाकिटात ठेवा. कोर्सला जाताना त्यांचे फोटो घेऊन जा आणि पहिल्याच आठवड्यात शिकवणाऱ्यांना दाखवा.